आधी काय काढले ते विचारा



गेल्या रविवारी मधल्या सुट्टीत वर्गात वाद रंगला. निंटेंडोचा जुना एन.ई.एस. घ्यायचा, तर पुढून कार्ट्रिज घालायचा पहिला की वरून घालायचा दुसरा? बहुतेक मुले म्हणाली, "दुसरा! पहिल्यातल्या चुका सुधारल्याच असणार." माझे मत थोडे वेगळे आहे.

पहिला अमेरिकेत १९८५ साली आला. तो मुद्दाम व्हीसीआरसारखा दिसेल असा केला होता. कार्ट्रिज पुढून आत सरकवायचे आणि खाली दाबायचे. आतल्या कनेक्टरच्या ७२ पिना या दाबादाबीने हळूहळू सैल पडत. शिवाय आत एक पहारेकरी चिप होती. कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी तिचा संपर्क झाला नाही, की खेळ पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि लाल दिवा लुकलुकत राही. मग मुले कार्ट्रिजमध्ये फुंकर मारत. खरे तर ते काढून पुन्हा नीट बसवल्यामुळेच खेळ चालू होई. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातू खराब होतो. "तूच मोडलास!" अशी बोलणी मात्र कितीतरी मुलांनी उगाच खाल्ली असतील.

दुसरा १९९३ साली आला, किंमत ४९.९९ डॉलर. कार्ट्रिज वरून सरळ बसते आणि पहारेकरी चिप नाही, त्यामुळे ते लुकलुकणे थांबले. पण पहिल्याला चित्र आणि आवाज यांच्या वेगळ्या वायरी टीव्हीला जोडता येत, ती सोय यात नाही. फक्त अँटेनाची वायर, चॅनेल ३ किंवा ४. चित्रावर फिकट उभ्या रेघाही दिसतात. आजच्या टीव्हीला तो जोडणे तर आणखी कटकटीचे.

म्हणजे एक दुखणे गेले आणि एक सोयही गेली. म्हणून "नवे ते चांगले" असे डोळे मिटून म्हणू नये, आणि "जुने ते सोने" असेही नाही. नवे मॉडेल निघाले, की दोन प्रश्न विचारावेत: काय सुधारले? आणि काय काढून टाकले?

पालकहो, तळघरात पहिला पडला असेल, तर दिवा लुकलुकतो म्हणून फेकू नका. तो कनेक्टर वेगळा काढून बदलता येतो. आणि यापुढे काही बंद पडले, तर मुलांना रागावण्याआधी यंत्राकडे एकदा बघा!

तुमचे मत काय? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा, मराठीतच!