‘अर्ज यशस्वी’ म्हणजे नेमकं काय?

मी जळगावात वेबसाइट बनवतो, म्हणून स्पष्टच बोलतो. धुळ्याच्या मावशीने एका दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज भरला. स्क्रीनवर ‘यशस्वी’ आलं. ना ईमेल, ना अर्ज क्रमांक. आता चकरा सुरू!

मित्रांनो, यात चूक मावशीची नाही. ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो. म्हणून माहिती सर्व्हरवर पुन्हा तपासायची, आधी डेटाबेसमध्ये साठवायची, क्रमांक दाखवायचा आणि मगच ईमेल पाठवायचा. मग ईमेल अडकला तरी अर्ज हरवत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच, क्रमांक आणि मुदत कळवायलाच हवी. पोचच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

क्रमांक मिळाल्याशिवाय जागचं हलू नका. पटलं तर शेअर करा.