पिळदार दंड आणि किडनीचा रिपोर्ट

वस्तीतल्या जिममध्ये घाम गाळणाऱ्या पोराचा रिपोर्ट येतो, क्रिएटिनिन 1.4. घरात रडारड, किडनी गेली म्हणून. थांबा. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, पिळदार अंगात ते थोडं जास्त असू शकतं. आदल्या दिवशीचं मटण, जोरदार व्यायाम, क्रिएटिनची पावडर यांनीही आकडा चढतो. मटण, व्यायाम दोन दिवस थांबवा, पावडरचं डॉक्टरांना सांगा, पुन्हा तपासा. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन बघा. सिस्टाटिन सी या तपासणीवर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही, पण ती महाग आहे.

आम्हाला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बीपी 150/95 आलं तरी ट्रेनर म्हणतो, 'बॉडी आहे, चालायचंच.' नाही चालायचं! जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतं, म्हणून मोठा पट्टा मागा. पाच मिनिटं शांत बसवून मोजायला सांगा. तरीही वेगवेगळ्या दिवशी 140/90 च्या वर राहिलं, तर दोष स्नायूंना देऊ नका. पोराला विचारा, इंजेक्शन कसलं घेतोस? लघवीला फेस येतो का? स्टेरॉइडनं बीपी चढतं, किडनीची गाळणी खराब होऊ शकते आणि दुखत काहीच नाही. मात्र ओरडून विचारलंत, तर तो सांगणार नाही.