वकिलीचा खर्च कॉलेजात होत नाही

बारावीचा निकाल लागला की डोंबिवलीतल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "वकिली कशाला? गल्लोगल्ली वकील झालेत." घरात आजी असेल तर शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेही ऐकावं लागतं. ठाण्याच्या कोर्टात सतरा वर्षं काळा कोट घालणारा मी सांगतो, वकिलीत पैसा बुडतो हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची फी भरमसाट आहे, हे खरं. पण आपली बहुतेक मुलं ठाण्यातल्या टीएमसी विधी महाविद्यालयासारख्या कॉलेजांत जातात, आणि तिथे इंजिनीअरिंगइतका पैसा ओतावा लागत नाही. सनदेसाठी पूर्वी हजारो रुपये मोजावे लागत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी तेही थांबवलं. आता नोंदणीचे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. खरा खर्च सुरू होतो तो सनद हातात पडल्यावर.

ज्युनिअरचा दिवस बघा. आठच्या सुमाराची फास्ट, लटकत ठाणे, चालत कोर्ट नाका. बोर्ड बघायचा, सिनिअरच्या सहा फाइली काखोटीला मारून तीन मजले पळायचं, एका कोर्टात पुकारा होत असताना दुसऱ्या कोर्टात पासओव्हर मागायचा. संध्याकाळी ऑफिसात बसून पुढच्या तारखांची डायरी लिहायची. माझ्या पहिल्या दोन वर्षांत लोकलचा पास आईने काढून दिला. सिनिअरनी शिकवलं भरभरून, पैशाचं नाव मात्र काढलं नाही. माझ्या बरोबरीचे तिघे त्याच काळात बाहेर पडले. त्यांतला एक माझ्यापेक्षा कितीतरी चांगली उलटतपासणी घ्यायचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं. ही शिफारस आहे, बंधन नाही. आणि २० मे २०२५ च्या निकालाने न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेलाही तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे ज्याचं घर तीन वर्षं कळ काढू शकत नाही, त्याला दोन्ही वाटा अवघड. दोष शिक्षणाचा नाही, ज्युनिअरला फुकट राबवणाऱ्या आमच्या रिवाजाचा आहे.

"डिग्री घेऊन ठेव, कधीतरी कामाला येईल," हा सल्लाही मला मान्य नाही. कोर्टात उभं न राहता कपाटात ठेवलेली एलएलबी कोणाच्या फारशी कामाला आलेली मी पाहिली नाही. यायचं तर पाच वर्षं टिकायच्या तयारीने यावं.

आणि काम आहे का? कल्याण-डोंबिवलीच्या त्या ६५ इमारती आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले, त्यांवर विसंबून माणसांनी आयुष्यभराची कमाई घातली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तपासणारा वकील त्यांतल्या किती जणांनी गाठला असेल? नौपाड्यातल्या, डोंबिवलीतल्या जुन्या सोसायट्या आज मानीव अभिहस्तांतरणासाठी आणि पुनर्विकासाच्या करारांसाठी माणूस शोधताहेत. गल्लोगल्ली वकील असतील. कागद शेवटच्या पानापर्यंत वाचणारे फार थोडे.

माझ्याकडे आता दोन ज्युनिअर आहेत आणि दर महिन्याच्या पाच तारखेला दोघांच्या खात्यात पैसे जमा होतात. गेल्या महिन्यात त्यांच्यातली एक मुलगी कल्याण पूर्वेतल्या एका फ्लॅटचे कागद चाळत होती. मंजूर नकाशात मजले पाच आणि अशिलाने बुक केलेलं घर सातव्यावर, हे तिच्या लक्षात आलं. संध्याकाळी अशील बायकोला घेऊन आला. करारावर सही व्हायची होती. ती झाली नाही.