दवाचे कुंपण

आज दसरा. आंब्याच्या पानांत ओवलेला झेंडू दारावर चार-आठ दिवस राहील, वाळेल, आणि मग कोणीतरी ते तोरण उतरवून कुंडीत नाहीतर अंगणाच्या कडेला टाकेल. वाळलेले बोंड बोटांत चुरगाळले की काळ्या, सुईसारख्या बिया निघतात, टोकाला फिकट कुसळ असलेल्या. पुढच्या पावसात त्यांतल्या दोन-चार उगवतात. पेरले कोणी, असे आपण विचारत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारावा लागतो. मूळ मेक्सिकोचा असलेला झेंडू तिथे ‘हाफ-हार्डी’, म्हणजे अर्धा कणखर हंगामी, या वर्गात मोडतो. कॉसमॉस, पेटुनिया, लोबेलिया हे त्याचे सोबती. मार्च-एप्रिलमध्ये काचेखाली रोपे करायची, मे सरता सरता ती बाहेर लावायची आणि शरदातल्या एका रात्री निरोप घ्यायचा. त्या रात्री दव गोठते, पेशी फाटतात आणि सकाळी पाने उकडल्यासारखी काळी, लुळी पडलेली दिसतात.

झाड गेले, बियांचे काय? कणखरपणाचे शिक्के असतात ते उभ्या झाडावर. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, 1804 साली सुरू झालेली संस्था, थंडी सोसण्याच्या ताकदीनुसार झाडांना एच-1 ते एच-7 अशा श्रेणी देते. बियांचा हिशेब निराळा. कोरड्या बीत पाणीच इतके थोडे असते, की गोठून फुटावे असे तिच्यात फारसे काही उरत नाही. तिला मारते ती ओल. उन्हाळा गार गेला तर बी पक्व होण्याआधीच बोंड कुजते. पक्व बी मातीत पडले, तरी हिवाळाभर भिजून सडते किंवा मध्येच आलेल्या उबेला भुलून उगवते आणि पुढच्या गारठ्यात संपते. यातूनही जे कोंब जूनमध्ये वर येतात, त्यांची वाट गोगलगायी पाहत असतात. वाचलेल्या रोपांना फूल येते ते उन्हाळा उताराला लागल्यावर. संकरित वाण असेल तर तेही आईसारखे निघेलच असे नाही.

तरीही ती उगवतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी, खडीच्या वाटेवर, फरशांच्या फटीत. जिथे पाणी साचत नाही आणि ऊब टिकते तिथे. लोबेलियाचे धुळीसारखे बारीक बी यात विशेष पटाईत. दसऱ्याला चार फुले हवीत म्हणून तिकडे झेंडू लावणाऱ्या मराठी घरांनी यातून एवढेच घ्यावे: काही बोंडे खुडू नयेत, शरदात वाफा लगेच साफ करू नये आणि जूनमध्ये खुरपे जपून चालवावे. भरवसा मात्र कागदाच्या पुडीत राखलेल्या बियांवरच ठेवावा.

आता इकडे पाहू. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की आपल्याकडे त्याची बातमी होते. एरवी बियांना अडवणारा तो ओला, गारठलेला हिवाळा इथे नाही. म्हणून मेक्सिकोतूनच आलेला नारिंगी-पिवळा कॉसमॉस बागेतून निसटला आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, महामार्गांच्या कडेला पसरला. पावसाळा ओसरताना उतार पिवळेधमक होतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, आणि त्या दाटीत इथले गवत आणि सोनकी-तेरड्यासारखी रानफुले जागा गमावतात. तिकडे माळी ज्याच्या एका आगंतुक रोपावर हरखतो, त्याच कुळातले झाड इकडे अतिक्रमण करते. वनस्पतीचा स्वभाव दोन्हीकडे तोच. पाहुणा आणि घुसखोर यांतला फरक हवामानाने घातलेल्या कुंपणाचा आहे.

हे कुंपण नाही तिथे ते आपणच व्हायचे असते. पावसाळ्याच्या तोंडावर टेकड्यांवर बियांचे गोळे फेकण्याचे उपक्रम हौसेने होतात; त्यांत कोणते बी आहे, हे पाहण्याची हौस त्या मानाने कमी. तोरणातला झेंडू कुंडीत खुशाल चुरगाळावा. कॉसमॉसचे पाकीट घेऊन टेकडीकडे निघालेल्याला मात्र वाटेतच गाठावे. तिथे त्या बियांना अडवायला दुसरे कोणी नाही.