पवित्र कामाचं वेळापत्रक

आईपण किती पवित्र असतं, याचं प्रवचन वसईच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. स्वयंपाकघराचा ओटा हीच वेदी, बाळाचे लंगोट धुणं हीच प्रार्थना, वगैरे. बायका माना डोलावतात. पुरुषही डोलावतात. माझं भांडण आहे ते या दुसऱ्या डोलावण्याशी.

काम पवित्र आहे, हे मी नाकारत नाही. मी श्रद्धाळू आहे आणि सव्वा वर्षाच्या मुलाची आई आहे. पहाटे तीनला तापलेलं पोर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना कोणी बघत नसतं. पोराला पुढे ते आठवणारही नसतं. ज्याला साधे आभारही मानता येत नाहीत, त्याच्यासाठी तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, याला पावित्र्य नाही तर काय म्हणायचं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगून ठेवलंय की पावित्र्याचं बोलावणं फक्त धर्मगुरू आणि मठवासीयांना नाही, सगळ्यांना आहे. सगळ्यांना म्हणजे बापालाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री सर्व्हर पडला तर फोन कोणाला जाणार, याचं आमच्याकडे वेळापत्रक असतं. या आठवड्यात मी, पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी. एकाच माणसाला महिनोन्‌महिने उठवलं तर तो थकेल आणि चुका करेल, हे मॅनेजरलाही कळतं. त्या कामाला कोणी पवित्र म्हणत नाही, म्हणूनच ते नीट वाटलं जातं. घरी मात्र रात्रीचं उठणं म्हणजे 'आईची माया'. मायेचं कुठे वेळापत्रक असतं का? तसं कुणी मागितलंच, तर तिचीच श्रद्धा कमी पडली असं ठरतं.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढा. धुळीने भरलेले पाय धुणं हे त्या काळी नोकराचं काम. येशूने पाय धुणाऱ्यांच्या थोरवीवर प्रवचन दिलं नाही. तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय स्वतः धुतले. मग म्हणाला, तुम्हीही एकमेकांसाठी हेच करा. कौतुक करा, असं म्हणाला नाही. गंमत म्हणजे, या प्रसंगाची आठवण म्हणून होणाऱ्या विधीत २०१६ पर्यंत नियमाप्रमाणे फक्त पुरुषांचे पाय धुतले जात. तो नियम पोप फ्रान्सिस यांनी बदलला. वर्षभर घरादाराचं धुणाऱ्या बायका तोवर बाकांवर बसून बघत होत्या.

संत आयांचे दाखले देणाऱ्यांनी झेली मार्टिनचं चरित्रही पूर्ण वाचावं. तिला २०१५ साली नवऱ्यासोबत संतपद मिळालं. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावात तिचा लेस विणून घेण्याचा स्वतःचा धंदा होता. नऊ मुलं झाली, त्यांतल्या पाच मुली जगल्या. धाकटी तेरेज आजारी पडली तेव्हा तिला वर्षभर गावाबाहेरच्या दाईकडे ठेवावं लागलं. आणि नवऱ्याने, लुईने, आपलं घड्याळांचं दुकान विकून बायकोच्या धंद्याला हात लावला. ही संत एकटीने राबून झालेली नाही.

'पण दूध काही बाप पाजू शकत नाही.' मान्य. नंतरचा ढेकर तर काढता येतो? लंगोट बदलता येतो, लसीची तारीख लक्षात ठेवता येते. कॅथलिकाने दाखला द्यावा असा माणूस नव्हे, पण मार्टिन लूथरने १५२२ साली लिहिलंय की लंगोट धुणाऱ्या बापाला लोक हसतात, तेव्हा देव आणि त्याचे दूत आनंदाने हसत असतात. लंगोटाचं हे सुप्रसिद्ध पावित्र्य त्याने बापाच्या पदरात टाकलं होतं. ते तिथून आईच्या एकटीच्या पदरात कसं आलं?

बाप्तिस्म्याआधी आईबापांना तयारीसाठी चर्चमध्ये बोलावतात. तिथे फादरनी बापाला एक प्रश्न विचारावा: रात्रीच्या उठण्याची वाटणी तुम्ही कशी केली आहे? ज्याला हे काम खरोखर पवित्र वाटतं, त्याला उत्तर द्यायला बायकोच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.