रुग्णालयाचे दप्तर आणि आपली मुले

बारावीचे निकाल लागले की आपल्या घरोघरी एकच विचार सुरू होतो. मुलगा हुशार असेल तर त्याने डॉक्टर व्हावे, नसेल तर पेढीवर बसावे. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत एकदा अपयश आले, दुसऱ्यांदा आले, तरी वडीलधारी मंडळी तिसऱ्यांदा शिकवणीची फी भरतात. आणि तेवढ्या काळात घरातील एक उमदे पोर स्वतःस निकामी समजू लागते. दुसरीकडे, ज्या आडत दुकानावर आमच्या वडिलांच्या काळी चार भावांचा संसार चालला, त्यावर आज दोघांचेही भागत नाही, हे बाजार समितीच्या आवारात बसणाऱ्या कोणास सांगावयास नको. अशा वेळी या दोन वाटांखेरीज एक तिसरी वाट आहे आणि ती आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेल्या गुणांस साजेशी आहे, हे आम्ही या स्मरणिकेच्या द्वारे नम्रपणे मांडू इच्छितो. ती वाट रुग्णालयाच्या व्यवस्थापनाची, त्याच्या दप्तराची आहे.

रुग्णालय म्हटले की डॉक्टर व परिचारिका डोळ्यांसमोर येतात. परंतु रोगी दारात आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्यामागे कागदांची एक रांग चालत असते. नावनोंदणी, केसपेपर, विमा कंपनीची मंजुरी, औषध भांडाराची मागणी, बिल, घरी सोडतानाचा सारांश, आणि शेवटी हे सारे जपून ठेवणे. यांपैकी एक कडी निसटली तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही रोग्याचे हाल होतात. आमच्या परिचयातील एका कुटुंबात डॉक्टरांनी सकाळी घरी जाण्यास परवानगी दिली आणि रुग्ण रात्रीपर्यंत खाटेवर बसून राहिला. विम्याच्या कागदावरील नाव व आधार कार्डावरील नाव जुळत नव्हते, आणि भरतीच्या वेळी ते कोणी पाहिलेच नव्हते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये असा दंडक घातला, की कॅशलेस उपचाराच्या मागणीवर विमा कंपनीने १ तासात आणि घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यावा. परंतु हे तास रुग्णालयाकडून मागणी पोहोचल्यावर मोजले जातात. कागद अपुरा असेल वा उशिरा निघाला असेल, तर त्या नियमाचा रोग्यास काय उपयोग?

हे काम म्हणजे नुसती कारकुनी, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक व्याधीस संकेतांक दिलेला आहे. ई १० म्हणजे मधुमेहाचा पहिला प्रकार, ई ११ म्हणजे दुसरा. एक अंक चुकला की रोग बदलतो, आणि दावाही अडकू शकतो. खतावणीत एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडल्यास काय अनर्थ होतो हे जाणणाऱ्यांस अधिक सांगणे न लगे. नोंदीचे सामर्थ्य केवढे असते, याचा दाखला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घालून दिला. रात्री दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून जग त्यांस ओळखते. परंतु १८५८ मध्ये त्यांनी क्रिमियन युद्धातील मृत्यूंचे आकडे आकृतीने मांडून दाखविले, की जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले. लष्करी रुग्णालयांच्या सुधारणेचा आग्रह त्यांनी धरला तो या हिशेबाच्या बळावर.

औषध भांडाराचेही तसेच. वखारीतील जुनी पोती आधी काढावीत हे आपले पोर लहानपणीच शिकते. औषधांत आणखी एक पाऊल पुढे जावे लागते. ज्याची मुदत आधी संपते ते आधी काढावयाचे, मग ते आलेले केव्हाही असो. शिवाय बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये सांभाळावयाच्या. आवक, जावक, शिल्लक आणि घट यांचा मेळ घालण्याची सवय येथे रोग्याच्या प्राणाशी जोडली जाते.

आमच्या बेळगावसारख्या सीमाभागात या कामास विशेष महत्त्व आहे. १९६३ साली येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज खानापूर, चंदगड, गडहिंग्लज येथपासून गोव्यापर्यंतचे रोगी या शहरात येतात. कोणाजवळ केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड असते, कोणाचा भरवसा महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेवर असतो, तर कोणी गोव्याच्या २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड पुढे करतो. कोणते कार्ड येथे चालेल व कोणता कागद हवा, हे घाबरलेल्या शेतकऱ्यास त्याच्याच भाषेत समजावणारा माणूस खिडकीवर असणे हे मोठे पुण्यकर्म होय. मराठी व कानडी दोन्ही सहज बोलणारी आपली मुले त्यास योग्य नाहीत काय?

मात्र यास रीतसर शिक्षण हवे. बारावीनंतर रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी घेता येते, किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. जयपूरला १९८४ पासून आरोग्य व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनेही हा विषय शिकविला आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्य माहिती व्यवस्थापनास सहायक आरोग्य व्यवसायांत स्थान दिले आहे. तथापि जाहिरात पाहून फी भरू नये. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम करावे लागते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आरंभीचा पगार बेताचा असतो आणि रुग्णालयास सुट्टी नसते, हेही मुलास स्पष्ट सांगावे.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याच्या मुलाने चाकरी का करावी? आमचे उत्तर असे, की रुग्णालय चालविणे हाही व्यवहारच आहे, आणि त्यास प्रामाणिक हिशेबनीस हवा. न वापरलेला कापूस बिलात चढविणे आणि तागडीत दांडी मारणे यांत आम्हांस भेद दिसत नाही. मापात खोट करणे हा अचौर्यव्रताचा अतिचार आहे, हे आपल्या घरी लहानपणापासून ऐकविले जाते. ते बिलाच्या खिडकीवर उपयोगी पडावे. आणि हे आम्ही मुलींविषयीही तितक्याच आग्रहाने म्हणतो. ज्या घरात सून पेढीचा सारा जमाखर्च संगणकावर सांभाळते, त्या घराने लेकीस या शिक्षणास पाठविताना मागे-पुढे पाहू नये.

आपल्या समाजात औषधदानास चार दानांत स्थान आहे, आणि रुग्णालयात खाटा व खोल्या बांधून देण्यास आपण कधी मागे राहिलो नाही. आता त्या खोल्यांची व्यवस्था जाणणारी माणसेही आपण द्यावीत. आमची सूचना अशी, की संघाने दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांस या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती द्यावी, आणि ज्या सभासदांचा रुग्णालयांशी संबंध आहे त्यांनी इच्छुक मुलांस प्रवेशापूर्वी एक महिना तेथील दप्तरात बसू द्यावे. महिन्याभरात मुलास आपली आवड कळेल आणि पालकांची फी वाचेल. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी यावर अवश्य विचार करावा, ही विनंती.