नोकरी सोडावी, पण हिशेबाने

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजींचे गाव. या डोंगराळ मुलखातून पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत जुनी. नोकरी कशी धरावी हे जाणती माणसे सांगतात. सोडावी कशी हे कोणी सांगत नाही. मग पोरगा लग्नसराईला गावी येतो तो परत जातच नाही. नाहीतर साहेबाशी वाद होतो आणि किल्ल्या टेबलावर फेकून निघतो. बहाद्दरी वाटते खरी. पण महिन्याभराने वस्तीतला दुसरा मुलगा तिथे काम विचारायला गेला, की त्याला दारातूनच वाटेला लावतात.

लाचारी करा असे आम्ही म्हणत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 27 सप्टेंबर 1951 रोजी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा पंतप्रधान नेहरूंना पाठविला. हिंदू कोड बिल बाजूला पडले होते, मन विटले होते. तरी अधिवेशन संपेपर्यंत राहण्याची नेहरूंची विनंती त्यांनी मानली. ऑक्टोबरात लोकांपुढे आलेल्या निवेदनात अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड, सगळे रोखठोक होते. शिवीगाळ मात्र नव्हती.

आपला राजीनामा दोन ओळींचा पुरे. आजारपणाचे खोटे कारण कशाला? नेमणूकपत्रात किती दिवसांची नोटीस आहे ते आधी वाचावे, तेवढे दिवस नीट भरावेत, हातातले काम दुसऱ्याला समजावून द्यावे. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षे लागतात आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो. पाचवे वर्ष भरत आले असेल तर राग थोडा आवरावा! फंड नव्या ठिकाणी बदलून घ्यावा, काढून लग्नात उडवू नये.

घरकाम करणाऱ्या भगिनींच्या हाती बहुधा यातले काहीच नसते. त्यांनी आठ दिवस आधी सांगावे, महिना भरावा, पण बाकी पगार गोड बोलण्यात बुडू देऊ नये. तो मोजून घ्यावा, मगच निरोप.

राजीनाम्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्यावा, अनुभवाचा दाखला मागावा. हे कागद घरच्या पेटीत जातीच्या दाखल्याशेजारी ठेवावेत.